शिकवणारा कुठे गेला?

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतली मुलं नोकरी टिकावी म्हणून आंदोलनाला बसली, ते पाहून जीव तुटला. योजना २०२४ची. विद्यावेतन बारावीला ६ हजार, आयटीआयला ८, पदवीधराला १० हजार. मुदत सहा महिने, पुढे आणखी पाच. यातली कितीतरी मुलं सरकारी कचेऱ्यांत नोंदी करत राहिली. काम झालं, पैसे मिळाले, पण हाताला धरून शिकवलं कोणी?

असं शिकवलं जावं यासाठीचा शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१चा. १९७३मध्ये पदवी-पदविकावाले अभियंतेही त्यात आले. ऐंशीचं दशक आम्हा शिकाऊंचं.

तेव्हा पिंपरी-चिंचवडमधल्या मोठ्या कारखान्यांची स्वतःची ट्रेनिंग स्कूल होती. फिटरच्या मुलाने आधी व्हाइससमोर उभं राहून कानस चालवायची. इन्स्ट्रक्टर जॉबला गुण्या लावून उजेडाकडे धरायचे. फटीतून प्रकाश दिसला की जॉब परत! हाताला फोड यायचे, पण मायक्रोमीटर लावण्याआधीच बोटांना माप कळू लागायचं. मग शॉपवर जुन्या कारागिराच्या हाताखाली काम, सोबत ड्रॉइंग आणि वर्कशॉप गणिताचे तास. स्टायपेंड तुटपुंजा, तरी मेसचे पैसे स्वतःचे स्वतः भरता यायचे. शेवटी अखिल भारतीय परीक्षा. तिचं प्रमाणपत्र पाहिलं की भोसरीचा छोटा वर्कशॉपवालाही फार चौकशी करत नसे.

शिकाऊला नोकरी देण्याचं बंधन कायद्याने मालकावर कधीच घातलं नाही. आमच्या व्यवस्थापनाने त्याचा पुरेपूर फायदा उठवला. परीक्षा होताच आमची तुकडी गेटबाहेर, आणि त्याच मशीनवर ठेकेदाराची माणसं. तो राग आजही आहे. इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित शिकाऊला प्राधान्य द्या, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं ते १९९५ साली. तोवर आमच्यातले बरेच जण पांगले होते. तरी कसब आमच्याकडेच राहिलं, त्यावर घरं चालली.

पुढच्या मुलांच्या वाट्याचं ते शिकणंही गेलं. २०१३मध्ये 'नीम' ही प्रशिक्षण योजना आली. शिकाऊ या नावाखाली किती कारखान्यांनी उत्पादनाच्या लाइनवर पोरं राबवली! २०१४च्या दुरुस्तीने कायदा मोडणाऱ्या मालकाची कैद रद्द केली. आता ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ घेणं सक्तीचं आहे, आणि किती घेतले ते पोर्टलवर दिसतं. त्यांना काय शिकवलं, हे शॉपवर जाऊन कोण विचारतं?

आंदोलनातल्या मुलांना नुसती मुदतवाढ देऊन भागणार नाही. त्यांच्यासमोर इन्स्ट्रक्टर उभा करा, आणि शेवटी कडक परीक्षा घ्या.