छेद लहान, पण कोणासाठी?

मणक्याची शस्त्रक्रिया म्हटली की पूर्वी घरातल्या माणसांचे चेहरे उतरत. आता ‘एकच टाका, उद्या घरी’ अशा शब्दांत तिचे स्वागत होते. यात तथ्य नाही असे नव्हे. दोन मणक्यांमधली चकती फुटून मज्जातंतूवर दाब आला की पायात कळ उतरते, हे अमेरिकेतील मिक्स्टर व बार यांनी १९३४ साली दाखवून दिले. त्यानंतर कित्येक वर्षे ती चकती काढण्यासाठी पाठीचे स्नायू हाडापासून सोडवावे लागत. १९७७ च्या सुमारास यासारगिल आणि कास्पार यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने ही वाट अरुंद केली. १९९७ मध्ये स्नायू न कापता नुसते बाजूस सारणारी नळी आली. रुग्ण लवकर उठतो, हा लाभ खराच.

परंतु छेद जितका लहान तितका उपचार निर्धोक, हे समीकरण तपासून घ्यावयास हवे. त्यासाठी पपईच्या चिकाची हकिकत पाहण्याजोगी आहे. कच्च्या पपईने मटण लवकर शिजते, हे आपल्या स्वयंपाकघरांना ठाऊकच आहे. १९५६ मध्ये लुईस थॉमस यांनी या चिकातील पपेन सशांच्या शिरेत टोचले, तेव्हा त्यांचे ताठ कान लुळे पडले. कानातील कूर्चेचा ताठा गेला होता. तीन-चार दिवसांत तो परतलाही! मणक्यांमधली चकती याच जातीची. लायमन स्मिथ यांनी १९६३ मध्ये चिकातील कायमोपपेन हे द्रव्य रुग्णाच्या चकतीत सुईने सोडले. छेद नाही, टाका नाही. १९८२ मध्ये अमेरिकेत त्यास सरकारी मान्यता मिळाली, आणि उपचाराची एकच लाट उसळली. औषध निरुपयोगी मुळीच नव्हते. पण काहींना त्याची जीवघेणी ॲलर्जी झाली. थोड्यांचे पाय कायमचे लुळे पडले. २००३ मध्ये त्याचे उत्पादनच थांबले.

मुळात शस्त्रक्रिया हवी कोणाला, हा प्रश्न छेदाच्या लांबीआधीचा आहे. नॉर्वेतील वेबर यांनी १९८३ मध्ये १२६ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया करावी की नाही असा संभ्रम असलेल्या या रुग्णांची त्यांनी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी केली होती. वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेले सरस ठरले. चार वर्षांनी दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक उरला नाही. म्हणजे शस्त्रक्रियेने आराम लवकर मिळतो, आणि महिनोन् महिने कळ सोसणाऱ्या शिक्षकाला त्याचे मोल आहेच. पण बहुसंख्यांची कळ काही आठवड्यांत आपोआप ओसरते. ‘टाका एकच आहे, करून टाका’ हा सल्ला त्यांना कशासाठी?

अपवाद मात्र ध्यानात असावा. लघवीवरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, मग छेद केवढाही असो.