होडी दोघांची, नोंद एकाची

थळ, वरसोली, साखर-आक्षी, एकदरा, भरडखोल. रायगड किनाऱ्यावरच्या कुठल्याही कोळीवाड्यात मासेमारीचा धंदा नवरा-बायको मिळूनच चालवतात. नाखवा समुद्रावरून परततो तेव्हा निम्मंच काम झालेलं असतं. होडी बंदराला लागली की म्हावरं निवडणं, बर्फात घालणं, टोपल्या टेम्पोत चढवून बाजार गाठणं, गिऱ्हाइकाशी भाव करणं आणि उधारी वसूल करणं कोळणीकडे येतं. बोंबील बांबूंवर वाळत घालायचे, जवळा अंगणात पसरायचा, आभाळ भरून आलं की धावत जाऊन आवरायचा. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत चूल पेटते ती बरीचशी याच सुक्या मासळीवर. डिझेलला पैसे कमी पडले तर गहाण पडतं तेही बहुधा तिचंच सोनं. तरी होडीची नोंदणी, मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व आणि डिझेलचा परतावा बहुतेक घरांत एकट्या पुरुषाच्या नावावर असतो. ही नोंद दोघांच्या नावे व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

बाई समुद्रावर जात नाही, मग ती मच्छीमार कशी, असं कुणी विचारेल. पण विकल्याशिवाय मासळीचा पैसा होत नाही, आणि ओहोटीला खाडीत उतरून कालवं-तिसऱ्या काढणाऱ्या बायकाच असतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: घरचा पैसा तिच्याच हाती असतो, कागद कशाला? घरात चालणारा हा मान बँकेच्या आणि सरकारी कचेरीच्या दारात चालत नाही. नवरा समुद्रात बेपत्ता झाला तर होडी, कर्ज आणि भरपाई यांच्या कागदांसाठी तिलाच खेटे घालावे लागतात. शेतीत हा प्रश्न शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेतून हाती घेतला. शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. म्हणजे शेतीसारख्या सवलती येणार, आणि त्या ज्याचं नाव कागदावर त्यालाच मिळणार. म्हणून हे काम आत्ताच व्हायला हवं. सहकारी सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. किनाऱ्यावरच्या सभासदांनी येत्या सभेत पत्नीला सभासद करून घेण्याचा ठराव मांडावा.