डोंगरांच्या घड्या आणि खनिज तेल

सह्याद्रीच्या कड्यांकडे पाहिले म्हणजे काळ्या पाषाणाचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक आडवे रचलेले दिसतात. लाव्हारस ज्या क्रमाने पसरला, त्याच क्रमाने ते आजही पडून आहेत. आसामच्या पूर्व टोकास, नागा टेकड्यांच्या पायथ्याशी, मात्र हा सरळ हिशेब चालत नाही. तेथे वालुकाश्माचे आणि शेलचे थर वाकले आहेत, तुटले आहेत, आणि कित्येक ठिकाणी जुना थर नव्याच्या डोक्यावर जाऊन बसला आहे. भारतातील तेल-उद्योगाचा आरंभ याच विस्कटलेल्या भूमीत झाला. दिगबोई येथे १८८९ मध्ये खोदावयास घेतलेल्या विहिरीस तेल लागले, आणि १९०१ मध्ये तेथे तेलशुद्धीचा कारखाना सुरू झाला.

जमिनीवर अंथरलेली सतरंजी एका बाजूने ढकलली, तर तिला वळ्या पडतात. भारतीय भूखंड उत्तरेस तिबेटाशी आणि पूर्वेस ब्रह्मदेशाशी भिडल्यामुळे खडकांच्या थरांचीही तीच गत झाली. वर उचललेल्या, कमानीसारख्या घडीस अपनती म्हणतात. खडक मात्र सतरंजीइतके लवचीक नसतात. दाब असह्य झाला की ते तिरपे तुटतात, आणि वरचा भाग त्या तुटीवरून पुढे सरकून शेजारच्या थरांवर चढतो. अशा तुटीस भूवैज्ञानिक ‘थ्रस्ट’ म्हणतात. नागा टेकड्यांच्या कडेला अशा अनेक तुटी एकामागून एक आहेत. कौलारू छपरावर एक कौल दुसऱ्यावर चढलेले असावे, तसे तेथील खडकांचे पट्टे एकमेकांवर रेलले आहेत.

तेलाच्या शोधात या रचनेस महत्त्व का? तेल पाण्याहून हलके असते. सच्छिद्र वालुकाश्मातील पाण्यातून ते वर वर सरकते आणि अपनतीच्या माथ्याशी येऊन थांबते. परंतु वर अच्छिद्र खडकाचे झाकण असेल तरच. दिगबोईचे तेल अशाच एका अपनतीत, टिपाम नावाच्या वालुकाश्मात, सापडले. ती अपनती नागा थ्रस्टवरून पुढे सरकलेल्या खडकांतील आहे.

पण प्रत्येक कमानीखाली तेल असतेच असे नव्हे. झाकणास तडे गेले, तर साठा निसटून जातो. शिवाय घडी तेल वाहू लागण्यापूर्वी तयार झालेली असावी लागते. तेल निघून गेल्यावर बांधलेले कोठार रिकामेच राहावयाचे. हिमाचल प्रदेशात ज्वालामुखीच्या मंदिरात भूगर्भातून येणारा वायू जळताना दिसतो. तेल व नैसर्गिक वायू आयोगाने १९५७ मध्ये त्या परिसरात विहीर खोदावयास घेतली. वायूचा मागमूस लागला, परंतु व्यापारी उत्पादन होऊ शकले नाही. पृष्ठभागावरची ज्योत म्हणजे खालच्या भरलेल्या साठ्याची हमी नव्हे.

आणखी एक अडचण मोजमापाची. जमिनीत कृत्रिम कंप निर्माण करून त्यांचे प्रतिध्वनी टिपले जातात. थ्रस्टमुळे वर आलेल्या जुन्या, घट्ट खडकांतून हे कंप अधिक वेगाने जातात आणि लवकर परततात. परिणामी त्यांच्याखालचे सपाट थरही आलेखात उंचावल्यासारखे दिसतात. त्या भासमान कमानीवर विहीर खोदली, तर अपार खर्च करून हाती पाणीच येण्याचा संभव असतो.

हा भ्रम टाळण्यास कॅनडातील अल्बर्टाच्या डोंगरपायथ्याशी काम करणाऱ्या भूवैज्ञानिकांनी एक कसोटी रूढ केली. त्यांपैकी डाल्स्ट्रम यांनी १९६९ मध्ये तिचे नियम मांडले. घडी घातलेले धोतर उलगडले की त्याची लांबी पूर्ववत भरते. तसाच नकाशावर काढलेला भूछेद मनाने उलगडून पाहावयाचा. सर्व थरांच्या लांबीचा मेळ बसला नाही, तर रेखाटनात कोठेतरी चूक आहे. मेळ बसला म्हणून चित्र खरे ठरतेच असे नाही. पण अशक्य चित्रे तरी गळून पडतात.

दिगबोईजवळच्या सपाट मैदानात, गाळाखाली दडलेले नाहरकटियाचे तेलक्षेत्र १९५३ मध्ये कंपमापनाच्याच आधारे सापडले. टेकडीवरील घडी डोळ्यांना दिसत होती. मैदानाखालची रचना तर्काने आणि मापाने जाणावी लागली. तेलाच्या शोधाचा मार्ग असा दृश्याकडून अदृश्याकडे जातो, आणि त्या मार्गावर छिद्रयंत्राइतकेच काम शांतपणे उलगडून पाहणारी बुद्धी करीत असते.