दहा-दहा वर्षं डोळे मिटून बसणारे नेमकं काय शोधतात?

"मेडिटेशन ॲप घेतलं, आठवड्यात सुटलं" असे मेसेज तुमच्याकडून बरेच येतात. आज उलटा प्रश्न घेऊया. ज्यांचं सुटत नाही, जे वर्षानुवर्षं रोज बसतात, ते का बसतात?

"शांत वाटतं म्हणून" हे उत्तर अपुरं आहे. बरं वाटलं की आपण गोळ्या बंद करतो ना? मग हे लोक का थांबत नाहीत?

सत्यनारायण गोएंकांचं उदाहरण बघा. १९२४ साली ब्रह्मदेशात, मंडालेला जन्मलेले मारवाडी उद्योजक. अर्धशिशी इतकी भयंकर, की मॉर्फीन घ्यावं लागायचं. परदेशातले डॉक्टर झाले, उपयोग शून्य. १९५५ मध्ये ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू म्हणजे सरकारी नोकरीत अकाउंटंट जनरल! आणि त्यांनी आधी नकारच दिला. फक्त डोकेदुखीसाठी ही साधना नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे गोएंका शिकले, दुखणं गेलं, तरी गुरूंजवळ ते चौदा वर्षं शिकत राहिले. १९६९ मध्ये भारतात आले, आणि १९७६ पासून इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र सुरू झालं. म्हणजे आले डोकेदुखीसाठी, राहिले वेगळ्याच कारणासाठी.

डीन शपिरो या अमेरिकन संशोधकाने १९९२ मध्ये २७ विपश्यना साधकांवरचा अभ्यास मांडला. त्यात उद्देशाच्या तीन पायऱ्या दिसतात. पहिली, स्वतःला सावरणं: ताण, झोप, राग. दुसरी, स्वतःला ओळखणं. तिसरी, मुक्ती: 'मी, माझं' ही पकडच सुटावी. जितकी जुनी साधना, तितका कल पुढच्या पायरीकडे. २७ हा आकडा छोटा आहे, पण कल विचार करण्यासारखा आहे.

आपल्या भाषेत सांगतो. सर्व्हर पडला की आधी आपण रीस्टार्ट मारतो. रोजच पडायला लागला की लॉग वाचतो. आणि लॉगमध्ये तीच एरर शंभरदा दिसली, की डिझाइनवरच शंका येते. साधनेचंही तसंच. मन जरा निवळलं की दिसतं: राग बॉसमुळे कमी, "माझं ऐकलं नाही" यामुळे जास्त. मग हा 'मी' कोण, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

गंमत अशी, की मोक्षाची हावसुद्धा हावच. बुद्धाच्या शिकवणीत तृष्णा हेच दुःखाचं मूळ. म्हणून शिबिरात सांगतात, कालची छान बैठक आज मागू नका. जुने साधक "अजून किती राहिलं?" असं फारसं विचारत नाहीत, ते याचमुळे असावं.

मी स्वतः चार वर्षं बसतोय, आणि खरं सांगू? पहिल्या पायरीवर आहे, कधीतरी दुसरीवर डोकावतो. माझा एक मित्र महिनाभराच्या शिबिराला गेला, तेव्हा त्याच्या आईला वाटलं पोरगा संन्यासच घेतोय. तिची भीती खोटी नव्हती. साधना ही पळवाटही होऊ शकते. माझी कसोटी साधी आहे: परत आल्यावर माणूस घरच्यांचं जास्त ऐकतो की कमी? मित्र आता आईचा फोन मध्येच कापत नाही. मला तेवढं पुरे.

आणि हे नक्की ऐका. शपिरोंच्या त्याच २७ पैकी १७ जणांनी निदान एक तरी त्रासदायक परिणाम सांगितला होता. दहा दिवस मौन, रोज दहा तास बैठक, फोन जमा: हे हलकं काम नाही. डिप्रेशन किंवा पॅनिकचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि शिबिराच्या फॉर्ममध्ये लपवू नका.

तुम्ही कुठल्या पायरीसाठी बसता? व्हॉइस नोट पाठवा. झोपेसाठी बसत असाल तर तेही बिनधास्त सांगा, गोएंकाही डोकेदुखी घेऊनच गेले होते. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!