शिमग्याआधीचा किनारा

मासेमारीवर लिहायला सांगितलं की आमच्याकडची लेखणी नारळी पौर्णिमेला होडी लोटते आणि दिवाळीपर्यंत बांगड्याच्या राशी दाखवून मोकळी होते. डिसेंबरात पर्यटक आले की विषय थाळीकडे वळतो. पौषाची अखेर, माघ, फाल्गुनाचा पहिला पंधरवडा हे दिवस कुणाच्या खिजगणतीत नसतात. एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी तर संक्रांतीनंतर कोकणच्या काठाला सुक्या माशांखेरीज काही उरत नाही, असं छापूनच ठेवलंय. नाव घेत नाही. सुरमईच्या तुकडीपलीकडे त्यांनी मासा पाहिला नसावा.

उत्तरेकडचं लवकर आटपतो. पालघर, मुंबई, रायगड म्हणजे डोल जाळ्याचा मुलूख. उधाणाला तिथे पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं आणि त्या ओढीवरच डोल फुगते. भांगाला ओढ मंदावली की मंडळी जाळी सांधायला बसतात. बोंबील, जवळा, करंदी यांवर दरवर्षी कुणी ना कुणी लिहितंच. खाडीत पागाने धरलेली बोयटी, बोक्शीतली कोळंबी यांच्याबद्दल मला नवीन सांगण्यासारखं काही नाही. सुकतीला खडकांवर कालवं फोडणाऱ्या बायकांवर मात्र स्वतंत्र लेख हवा, आणि तो त्यांच्यापैकीच एखादीने सांगावा, लिहिणाऱ्याने नुसता उतरून घ्यावा. माझा जीव अडकलाय देवगडच्या खाली, काठावरून ओढायच्या जाळ्यात, रापणीत.

मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती-ओहोटीतला फरक मुंबईच्या जेमतेम निम्मा. डोल उभी राहील अशी ओढ इथे नाही. पण तळाशील, तोंडवळी, देवबाग, शिरोडा इथे लांबच लांब वाळू आहे, उतार बेताचा आहे, आणि जाळं अडेल-फाटेल असे खडक जिथे नाहीत अशा जागा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. माघात पहाटे जमिनीवरून मतलई सुटतो, काठाची लाट दबते, पावसाळी गढूळपणा केव्हाच खाली बसलेला असतो. दुपारचा खारा वारा उठायच्या आत रापण काठाला लागली पाहिजे. मध्येच उपरचा वारा धरला तर चार-चार दिवस होडी वाळूवरच. त्या दिवसांत पत्ते खेळायचे आणि सरकारला शिव्या द्यायच्या, हा रिवाज जुना आहे.

होडी दोराचं एक टोक काठावर ठेवून निघते, जाळं सोडत मोठा अर्धा घेर घेते आणि दूर दुसरं टोक आणून देते. मग दोन्हीकडे माणसं ओळीने लागतात. जाळ्याच्या दोन्ही हातांचा आस, म्हणजे विणीचं भोक, मोठा, मधल्या पोटाचा बारीक. वर बोये, खाली शिशाची वजनं. दोर पूर्वी काथ्याचे असत, आणि सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढावी लागे. नायलॉन आल्यावर तो वास किनाऱ्यावरून गेला. खरं कसब ओढण्याच्या लयीत. एक बाजू पुढे गेली की घेर तिरका होतो आणि थवा कडेने निसटतो. म्हणून मध्ये एक म्हातारा उभा राहून हाताने इशारे करायचा, त्याच्यापुढे तरण्याताठ्यांचं काही चालत नसे. वर कुरवांची गर्दी. मार्चच्या सुमाराला हे पाहुणे उत्तरेकडे परततात, काकण हा समुद्री गरुड मात्र बारमाही इथलाच. तो सुरूच्या शेंड्यावरून सगळा कारभार बघत असतो.

माघातल्या रापणीत बांगड्याचा डोंगर क्वचितच. निघते ती सरमिसळ: तारली, पेडवे, मुडदुशे, सौंदाळे, लेप, एखादी म्हाकुळ. मला ही सरमिसळच प्यारी. लिलाव तिथेच वाळूवर. होडी-जाळ्याचा हिस्सा बाजूला निघतो, बाकीचे वाटे ओढणाऱ्यांचे. आणि वाटेने जाणाऱ्याने दोर धरला तरी कालवणापुरते मासे त्याच्या पदरात पडणारच. लहानपणी शाळेत जाताना हाक यायची, "बघीत काय रवलंस, दोरयेक हात लाव!" आणि दप्तर वाळूत पडायचं.

परिसंवादांत बसणारे काही विद्वान म्हणतात, रापणीचा आस बारीक, ती पिल्लं मारते. पोटात पिल्लं येतात हे खरंच आहे. पण रापण माशाच्या मागे धावत नाही, मासा काठाला आला तरच तिला मिळतो. दिवसात किती ओढी व्हायच्या ते दंडांतल्या ताकदीवर आणि लाटेवर ठरतं. काठाला लागलेलं कासव जिवंत सोडता येतं. इंजिनाच्या बळावर अख्खा थवा वेढून तळातून आवळणाऱ्या पर्ससीनला आणि हिला एकाच तागडीत घालणाऱ्यांनी एकदा सकाळी दोर धरून पाहावा.

हे भांडण जुनं आहे. सत्तरच्या दशकात गोव्याचे रापणकार ट्रॉलरविरुद्ध रस्त्यावर उतरले, तिथे 1980 साली आणि आपल्याकडे 1981 साली सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. 5 फेब्रुवारी 2016 च्या शासन आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने ठेवले, पुढच्याच वर्षी केंद्राने एलईडी दिव्यांची मासेमारी बंद केली. कागदावर पाहिलं तर जानेवारीनंतरचं जवळचं पाणी दोरवाल्यांचंच. रात्री क्षितिजावर लखलखाट दिसतो तो बहुधा चांदण्यांचा असावा!

पण नुसत्या पर्ससीनवर खापर फोडून भागणार नाही. रापणीला मोकळी वाळू लागते. देवबागेत धूप आवरायला दगडी बंधारे घातले. ते घरांसाठी गरजेचे असतील, पण बंधाऱ्यावर उभं राहून रापण ओढता येत नाही. उरल्या पुळणीवर पॅराशूटच्या बोटी, स्कूटर, खुर्च्या. ओढणारी पोरंही तिकडेच गेली. रोजचा पगार सोडून बेभरवशाच्या वाट्याकडे परत या, असं त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? पण किनाऱ्यावर खेळाचे परवाने वाटताना रापण कुठून कुठवर ओढली जाते एवढी रेघ नकाशावर मारायला कुणाचं काय जात होतं?

आता पर्यटकच दोराला लागतात. गेल्या माघात आमच्याकडच्या रापणकारांत यावरून जोरदार वाद झाला: त्यांना मासे द्यायचे की नाही? शेवटी ठरलं ते असं. जाळं काठाला लागेपर्यंत ओढला तर कालवणापुरते द्यायचे, फोटोपुरता धरला तर नाही.