डोळा एक, पाणी दोन

एखाद्या नेत्रतज्ज्ञाकडून काचबिंदूचे थेंब घेऊन आलेल्या आजोबांच्या डोळ्यांतून महिन्याभराने पाणी वाहू लागलं, की घरचे घाबरतात : डोळ्याचा दाब वाढला की काय? बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं.

डोळ्यात पाणी दोन प्रकारचं. एक आतलं. ते बुबुळामागच्या सिलिअरी बॉडीत तयार होतं, भिंगाला आणि पारपटलाला पोसतं आणि बारीक जाळीतून रक्तात निघून जातं. त्याचा निचरा अडला की दाब वाढतो. साधारण 10 ते 21 मिलिमीटर पारा हा नेहमीचा दाब. तो चढला की दृष्टिचेता दुखावते, हाच बहुधा काचबिंदू. दुसरं पाणी अश्रूंचं. ते वरच्या पापणीआडच्या ग्रंथीतून येतं आणि नाकात उतरतं. या दोन पाण्यांची कुठेही गाठ पडत नाही.

गाठ पडते ती उपचारात. थेंबांच्या अनेक बाटल्यांत जंतू वाढू नयेत म्हणून बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक घातलेलं असतं. भांड्याच्या साबणासारखं ते अश्रूंवरचा तेलाचा पातळ थर फोडतं, शिवाय अश्रूंना डोळ्यावर धरून ठेवणारा चिकट स्राव बनवणाऱ्या पेशीही मारतं. काचबिंदूचं औषध बहुधा जन्मभराचं, कधी दोन-तीन बाटल्यांचं. मग डोळा चुरचुरतो, कुसळ गेल्यासारखा खुपतो. कोरड्या डोळ्याची ही टोचणी शमवायला ग्रंथी एकदम पाणी सोडते. म्हणून कोरडा डोळाच वाहतो!

हे ओळखायला 1903 साली ऑटो शिर्मर यांनी सांगितलेली चाचणी आजही वापरतात. खालच्या पापणीत कागदाची पट्टी 5 मिनिटं ठेवायची; ती 5 मिलिमीटरही भिजली नाही, तर डोळा चांगलाच कोरडा.

यावर उपाय आहेत : परिरक्षक नसलेले थेंब, कृत्रिम अश्रू, काहींना थेंबांऐवजी लेसर. दोन औषधांमध्ये किमान 5 मिनिटं जाऊ द्यावीत. थेंब टाकल्यावर डोळे मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबावा, म्हणजे औषध नाकावाटे रक्तात कमी जातं. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं. टिमोलॉल या काचबिंदूच्या औषधाने तो बळावू शकतो.

दोन चुका मात्र टाळा. चुरचुरतं म्हणून काचबिंदूचे थेंब परस्पर बंद करू नका. गेलेली नजर परत येत नाही. आणि लाली घालवायला दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणू नका. त्यांनीच डोळ्याचा दाब वाढू शकतो.