ड्रॅगन आकाशात येण्यापूर्वी

मेंढीकोट किंवा बदामसात खेळताना सर्वांच्या हाती एकाच कॅटमधली पाने येतात आणि कोणाला काय मिळाले हे नशिबावर सोडून द्यावे लागते. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळाने १९९३ साली ही चौकटच मोडली. अमेरिकेतील ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या या खेळाचे जनक रिचर्ड गारफील्ड हे गणिताचे अभ्यासक. येथे प्रत्येक खेळाडू हजारो निरनिराळ्या पानांतून आपल्या पसंतीची पाने निवडतो, त्यांचा स्वतःचा संच बांधतो आणि तो घेऊन प्रतिस्पर्ध्यासमोर बसतो. या संचाला खेळाडू ‘डेक’ म्हणतात. अर्धा खेळ टेबलावर, तर अर्धा त्याआधी घरी हा डेक बांधताना खेळला जातो.

या खेळात नव्याने आलेल्या बहुतेकांना पहिला मोह पडतो तो ड्रॅगनचा. अगदी पहिल्या आवृत्तीतच ‘शिवन ड्रॅगन’ नावाचे पान होते. नाव वाचून मराठी वाचकाचे कान टवकारतील. पण हा शिव म्हणजे खेळाच्या कथाविश्वातील ज्वालामुखींचा एक प्रदेश. पाच बळ, पाच सहनशक्ती, आकाशातून हल्ला करण्याची क्षमता आणि वर खर्च केलेल्या प्रत्येक तांबड्या शक्तीमागे बळात एकाची भर, असे त्याचे स्वरूप आहे. त्या काळी शाळकरी मुले या एका पानासाठी इतर पानांची चळत देऊ करत असत, यात नवल नाही. तेव्हापासून ड्रॅगन या खेळाचे मानचिन्हच ठरले. स्पर्धेचा विचार बाजूला ठेवून, मित्रांबरोबर संध्याकाळी चार डाव टाकण्यासाठी केवळ ड्रॅगनचा डेक बांधावा, ही इच्छा म्हणूनच अगदी रास्त आहे.

अडचण एवढीच, की केवळ ड्रॅगन भरून बांधलेला डेक ड्रॅगन खेळवूच शकत नाही.

याचे कारण खेळाच्या मूळ यंत्रणेत आहे. प्रत्येक मंत्र किंवा प्राणी टेबलावर आणण्यासाठी ‘माना’ म्हणजे मंत्रशक्ती मोजावी लागते आणि ती मिळते भूमीच्या पानांतून. एका फेरीत एकच भूमी मांडता येते. तांबड्या रंगाची शक्ती पर्वतातून येते, तसेच इतर चार रंगांची मैदान, बेट, दलदल आणि अरण्य यांतून. शिवन ड्रॅगनची किंमत सहा आहे. त्यांपैकी दोन शक्ती तांबड्याच हव्यात, उरलेल्या चार कोणत्याही चालतात. म्हणजे सहा भूमी टेबलावर येईपर्यंत हा महाकाय प्राणी हातातच बसून राहणार.

आता थोडा हिशेब करू. साधा डेक किमान साठ पानांचा असतो, त्यात मूळ भूमी वगळता एका नावाची चारपेक्षा अधिक पाने चालत नाहीत आणि प्रत्येक खेळाडूचे आयुष्य वीस गुणांचे असते. साठात चोवीस भूमी ठेवण्याचा प्रघात आहे. सुरुवातीला सात पाने मिळतात आणि पुढे दर फेरीला एक. दुसऱ्या क्रमांकाने खेळणारा सहाव्या फेरीपर्यंत तेरा पाने पाहतो. त्या तेरांत सरासरी ५.२ भूमी असतात. पहिल्याने खेळणाऱ्याला पहिल्या फेरीत पान उचलता येत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला ४.८ येतात. सहाव्या फेरीत सहा शक्तींचा ड्रॅगन उतरेल हे गृहीतच मुळी निम्म्याहून अधिक वेळा चुकते. दरम्यान समोरच्याचे लहानसहान प्राणी दुसऱ्या फेरीपासून हल्ला करत असतात. हौसेने वीस ड्रॅगन भरले, तर चौथ्या फेरीपर्यंत पाहिलेल्या अकरा पानांत साडेतीनाहून अधिक ड्रॅगनच निघतात आणि त्यांतला एकही उतरवता येत नाही. हातात सैन्य, टेबलावर शुकशुकाट आणि आयुष्याचे गुण उतरणीला, हे चित्र नवशिक्यांच्या टेबलावर नेहमी दिसते.

तेव्हा ड्रॅगनचा डेक बांधणे म्हणजे मुख्यतः ड्रॅगन नसलेली पाने निवडणे होय. ही गोष्ट रुक्ष वाटेल, पण या डेकची सारी गंमत तिच्यातच आहे.

सर्वप्रथम हवेत ते मानकरी येण्यापूर्वी दरबार सजवणारे. २०१५ च्या ‘ड्रॅगन्स ऑफ तारकिर’ या मालिकेतील ‘ड्रॅगनलॉर्ड्स सर्व्हंट’ हा दोन शक्तींचा सेवक प्रत्येक ड्रॅगनची किंमत एकाने कमी करतो. २००३ च्या ‘स्कर्ज’ मालिकेतील ‘ड्रॅगनस्पीकर शमन’ हा तीन शक्तींचा मांत्रिक ती दोनाने कमी करतो. दुसऱ्या फेरीत सेवक, तिसऱ्या फेरीत मांत्रिक उतरला आणि चौथी भूमी वेळेवर आली, की सहा शक्तींचा शिवन ड्रॅगन तीन शक्तींत येतो आणि चौथी शक्ती एखाद्या छोट्या मंत्रासाठी शिल्लक राहते.

येथे एक बारकावा आहे, जो पानावर लहान अक्षरांत दडलेला असतो. सवलत केवळ ‘कोणत्याही’ शक्तीच्या भागावर लागू होते, रंगीत भागावर नाही. ‘थंडरब्रेक रीजंट’ हा चार शक्तींचा ड्रॅगन. त्यात दोन तांबड्या. वरील दोघेही टेबलावर असतील, तर तो दोन शक्तींत येतो आणि चौथ्या फेरीत असे दोन रीजंट एकदम उतरवता येतात. याउलट ‘स्कर्ज ऑफ वाल्कास’ पाच शक्तींचा असला, तरी त्यात तीन तांबड्या आहेत. तिन्ही सवलती मिळूनही तो तीनाखाली उतरत नाही; एक सवलत वायाच जाते. ‘उत्वारा हेलकाइट’ आठ शक्तींचा, पण त्यात तांबड्या दोनच, म्हणून तो पाचात येतो. डेक बांधताना पानाची एकूण किंमत पाहण्यापेक्षा तिची फोड पाहावी ती यासाठी.

अर्थात सेवक आणि मांत्रिक दोघेही नाजूक आहेत. एका शक्तीत तीन गुणांची इजा करणारा ‘लाइटनिंग बोल्ट’ त्यांतल्या कोणालाही सहज टिपतो आणि जाणता प्रतिस्पर्धी नेमके तेच करतो. म्हणून सारी भिस्त त्यांच्यावर ठेवू नये. ‘माइंड स्टोन’ हे दोन शक्तींचे निर्जीव साधन दर फेरीला एक जादा शक्ती देते, प्राण्यांवरच्या हल्ल्यांनी मरत नाही आणि डावाच्या उत्तरार्धात त्याचा त्याग करून नवे पान उचलता येते. दिसायला अगदी सामान्य असे हे पान माझ्या मते या डेकमधील सर्वांत विश्वासू चाकर आहे.

एका रंगाचा, साठ पानांचा, खिशाला फार न खुपणारा डेक मी पुढीलप्रमाणे बांधेन. चोवीस भूमी, बहुतेक पर्वतच. सेवक चार, मांत्रिक चार, माइंड स्टोन चार. लाइटनिंग बोल्ट चार आणि एका शक्तीत एखाद्या प्राण्याला चार गुणांची इजा करणारा ‘फ्लेम स्लॅश’ चार. सुरुवातीच्या फेऱ्यांत तग धरण्याचे काम या आठांचे. ड्रॅगन बाराच: रीजंट चार, वाल्कास तीन, शिवन दोन, ‘लॅथलिस, ड्रॅगन क्वीन’ दोन आणि उत्वारा एक. उरलेल्या चार जागी ‘ड्रॅगन टेम्पेस्ट’ दोन आणि डेकमधून हवा तो ड्रॅगन शोधून देणारा ‘सार्कान्स ट्रायम्फ’ दोन. बारा ड्रॅगन कमी वाटतात, पण चौथ्या फेरीपर्यंतच्या अकरा पानांत सरासरी दोनाहून थोडे अधिक ड्रॅगन हाती येतात. तेवढे पुरेसे आहेत. तिसरा हातात आला, तर तो बहुधा बसूनच राहतो.

ड्रॅगन टेम्पेस्टबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. नव्याने आलेला प्राणी त्याच फेरीत हल्ला करू शकत नाही, हा खेळाचा सर्वसाधारण नियम आहे. महागड्या ड्रॅगनची खरी शोकांतिका याच नियमात असते. सहा शक्ती खर्चून तो उतरवावा, समोरच्याने आपल्या फेरीत दोन शक्तींच्या मारक मंत्राने तो नाहीसा करावा आणि आपल्या पदरी काहीच न पडावे! टेम्पेस्ट असेल, तर उडणारा प्राणी आल्या आल्या हल्ला करू शकतो. शिवाय आलेला प्रत्येक ड्रॅगन आपल्या बाजूला जितके ड्रॅगन असतील तितक्या गुणांची इजा हव्या त्या लक्ष्याला करतो. लॅथलिस राणी आधीच विराजमान असेल आणि आपण रीजंट उतरवला, तर राणी त्याच्यासोबत पाच बळाचा एक दुय्यम ड्रॅगन निर्माण करते. दोघांच्या आगमनाचे दोन परिणाम होतात. राणीचा परिणाम आधी घडेल अशी मांडणी केली, की टेबलावर तीन ड्रॅगन असताना दोन्ही वेळा तीन-तीन, म्हणजे सहा गुणांची इजा होते, आणि तीही हल्ल्याला सुरुवात होण्यापूर्वीच. हा क्रम ठरवण्याचा अधिकार खेळाडूचा असतो, पण अनेकांना तो ठाऊक नसतो.

रीजंटला मी चारही जागा दिल्या, त्याचेही कारण मारक मंत्रांशीच निगडित आहे. आपल्या कोणत्याही ड्रॅगनवर प्रतिस्पर्ध्याने मंत्र रोखला, की रीजंट त्याला तीन गुणांचा दंड करतो. ड्रॅगन वाचत नाही, पण फुकटही मरत नाही.

साठ पानांच्या या घरगुती प्रकाराखेरीज आज हौशी खेळाडूंमध्ये सर्वाधिक रुळला आहे तो ‘कमांडर’ हा प्रकार, आणि त्याचा तर जन्मच ड्रॅगनच्या नावाने झाला. १९९४ च्या ‘लेजंड्स’ मालिकेत पाच वृद्ध ड्रॅगन आले: निकोल बोलास, आर्केडीस सॅबथ, क्रोमियम, पॅलेडिया-मॉर्स आणि व्हेव्हिक्टिस अस्माडी. प्रत्येक आठ शक्तींचा, तीन रंगांचा. आणि आणल्यावरही दर फेरीला तीन शक्तींचा खुराक न दिल्यास निघून जाणारा. दारी हत्ती बांधण्याचाच हा प्रकार! शहाण्या खेळाडूने त्यांना हात लावला नसता. पण अलास्कातील काही हौशी मंडळींनी नेमके त्यांनाच सेनापती नेमून शंभर पानांचा खेळ रचला आणि प्रत्येक पान एकदाच वापरायचे असे ठरवले. ‘एकच’ या अटीवरून १९८६ च्या ‘हायलँडर’ चित्रपटाचे नाव जोडले गेले आणि ‘एल्डर ड्रॅगन हायलँडर’ असे नामकरण झाले. पुढे स्पर्धांच्या पंचांनी, विशेषतः शेल्डन मेनेरी यांनी, तो जगभर नेला. २०११ मध्ये कंपनीने ‘कमांडर’ या नावाने त्याचे तयार डेक विकायला काढले.

येथे आयुष्य चाळीस गुणांचे आणि टेबलावर बहुधा चार खेळाडू असतात, त्यामुळे डाव लांबतो. ड्रॅगनला हवा असतो तो वेळ येथे आपोआप मिळतो. २०१७ च्या तयार डेकमधील ‘द अर-ड्रॅगन’ हा पाचरंगी सेनापती तर मैदानाबाहेर बसूनच इतर ड्रॅगनची किंमत एकाने कमी करतो. वर सांगितलेल्या मांत्रिकासारखा त्याला तेथे कोणी मारू शकत नाही. तरीही नवख्याने पाच रंगांच्या मागे लागू नये, असे मला वाटते. पाचही रंगांची शक्ती वेळेवर मिळण्यासाठी लागणाऱ्या दुहेरी-तिहेरी भूमी अनेकदा ड्रॅगनपेक्षाही महाग असतात. स्वस्त भूमींवर भागवले, तर त्यांतल्या बऱ्याच मांडताना एक फेरी वाया घालवतात आणि मग पहिलीच अडचण पुन्हा समोर उभी राहते. लॅथलिसला सेनापती करून निव्वळ पर्वतांवर बांधलेला डेक कमी भपकेदार असेल, पण तो चालतो.

खर्चाचा विषय निघालाच आहे, तर पाकिटे फोडून ड्रॅगन जमवण्याच्या नादी लागू नये, हेही सांगितले पाहिजे. बंद पाकिटात काय निघेल ते कोणी सांगू शकत नाही आणि मोठे ड्रॅगन बहुतांशी दुर्मीळ पानांतच मोडतात. एवढ्यासाठी पाकिटे घेणे म्हणजे लॉटरीचे तिकीट काढणे. हवे ते पान सुटे विकत घ्यावे किंवा इतर खेळाडूंकडून बदलून घ्यावे. पुन्हा पुन्हा छापली गेलेली पाने निवडावीत. शिवन ड्रॅगनची १९९३ ची प्रत संग्राहकाच्या तिजोरीत शोभते, तर नंतरच्या आवृत्तीतील प्रत किरकोळ किमतीत मिळते आणि टेबलावर दोघांचे बळ पाचच असते. घरच्या टेबलावर सर्वांची संमती असल्यास महागड्या पानाऐवजी छापील चिठ्ठीही चालवून घेतली जाते. अधिकृत स्पर्धेत मात्र ती चालत नाही.

‘हौशी’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक टेबलावर वेगळा असतो, हेही ध्यानात ठेवावे. एखाद्याचा हौशी डेक चौथ्या फेरीत डाव संपवतो, तर दुसऱ्याचा तोवर जागाही झालेला नसतो. हा विसंवाद टाळण्यासाठी कंपनीने २०२५ च्या फेब्रुवारीत कमांडर डेकच्या ताकदीची पाच पायऱ्यांची वर्गवारी प्रायोगिक स्वरूपात मांडली. वर वर्णिलेल्या ड्रॅगन डेकची जागा तीत दुसऱ्या किंवा फार तर तिसऱ्या पायरीवर असेल. खेळायला बसण्यापूर्वी तेवढे सांगून टाकणे बरे, म्हणजे समोरचाही त्याच तोलाचा डेक काढतो.

डेक तयार झाल्यावर लगेच मित्राला बोलावू नये. पाने नीट पिसून सात उचलावीत आणि एकट्यानेच चार फेऱ्या मांडून पाहाव्यात. असे वीस वेळा करावे. चौथ्या फेरीअखेर टेबलावर किती वेळा ड्रॅगन आला, याची कागदावर खूण करावी. निम्म्याहून कमी खुणा पडल्या, तर प्रथम उत्वारा काढावा, मग एक शिवन, आणि त्यांच्या जागी दोन पर्वत घालावेत. मन याला सहजी राजी होत नाही. काढलेला उत्वारा डब्यात वरच ठेवावा.